गाईवाल्या वीराचा भारा

चिंचखोरीच्या बायनाबाईला कुणी देवभोळी म्हणतं, कुणी फटकळ म्हणतं, आणि दोन्ही खरं आहे. पण तिची खरी ओळख वेगळीच. ही बाई राग विसरत नाही. कैरीचं लोणचं मुरवावं तसा ती राग मुरवते, आणि बरणी उघडली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येतं. हे तिच्या मुलाला, आदिनाथला माहीत होतं, भावकीला माहीत होतं, केजच्या बाजारात तिच्या वांग्यांना नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त विजयसिंहदादांना. मोठ्या माणसांना आपल्यावर कोण रागावलंय याची चौकशी करायची सवय नसते.

तिच्या रागाची गोष्ट सांगायची तर आधी दगडाची सांगावी लागते.

गावाबाहेर ओढ्याच्या काठी, बायनाबाईच्या शेताच्या बांधावर एक उभा दगड होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं तो इतका जाडजूड झाला होता, की त्यावर काय कोरलंय हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. गाव त्याला गाईवाला म्हणायचं. कधीकाळी लुटारूंनी गावची गुरं वळवून नेली, तेव्हा बायनाबाईच्या सासरचा कुणी पूर्वज एकटा मागं धावला, गुरं सोडवली आणि ओढ्याकाठी पडला, अशी कथा. पण सगळी गुरं काही परत आली नाहीत. काही दावणी रिकाम्याच राहिल्या. मग त्या वीराचा मुलगा डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन दारोदार गेला. बापाच्या हातून जे राहून गेलं, त्याची माफी मागायला.

तेव्हापासूनची रीत अशी. पोळ्याच्या सकाळी वीराच्या घरचा कर्ता माणूस अनवाणी निघतो, डोक्यावर भारा घेऊन. प्रत्येक दारापुढं उभा राहतो. त्या घरच्यानं आपल्या गोठ्याचं काय दुखणं असेल ते बोलायचं आणि भाऱ्याखालच्या माणसानं ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं नाही, भारा खाली टेकवायचा नाही. बोलून झालं, की घरवाला भाऱ्यातली एक पेंढी ओढून घेतो आणि मगच पुढचं दार. आता इतक्या वर्षांनी कोण काय गाऱ्हाणं सांगणार? औंदा गाय वेली, बरं हाय, एवढं बोलून लोक पेंढी घ्यायचे आणि भारेकऱ्याला पाणी द्यायचे.

अर्जुनरावांनी, म्हणजे बायनाबाईच्या नवऱ्यानं, हयातभर हा भारा वाहिला. माणूस गरीब स्वभावाचा, मुंगीलाही वाट करून देणारा. आणि सगळ्या गावात एकच दार असं होतं जिथं त्याला पाणी मिळत नव्हतं. ते विजयसिंहदादांचं.

दादांची शेती ओढ्याच्या दोन्ही अंगांनी. ऊस, बागायत, पंचायत समितीत एकदा सभापती, आणि पुढं जायची घाई. त्यांच्या बंगल्यापुढं अर्जुनराव उभे राहिले की दादांना चेव यायचा. शेवटच्या वर्षी बंगल्यावर बीडचे पाहुणे आले होते. अर्जुनरावांच्या अंगात ताप होता. बायनाबाईनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की औंदा आदिनाथला पाठवा. पण कर्ता जिवंत असताना पोरानं भारा उचलायचा नसतो म्हणून ते गेले. दादांनी पाहुण्यांना फाटकाशी बोलावून दाखवलं, हे बघा आमच्या गावचं मुकं जनावर, बोलत न्हाई का बसत न्हाई. पाहुण्यांनी फोटो काढले, हसले, चहा प्यायला आत गेले. मग कुणाचा तरी फोन आला, गप्पा रंगल्या, आणि फाटकाशी उन्हात माणूस उभा आहे हे सगळेच विसरले. शेवटी बंगल्यावरच्या गड्याला कीव आली, त्यानं पेंढी ओढली आणि जा म्हणाला. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

अर्जुनराव घरी येऊन आडवे झाले ते पुन्हा नीट उठले नाहीत. बैलजोडी विकून अंबाजोगाईला दवाखाना केला. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. बायनाबाईनं डॉक्टरांचं ऐकून घेतलं, पण तिच्या लेखी नवऱ्याच्या दुखण्याचं नाव विजयसिंह होतं. अर्जुनराव गेले, तेव्हा दादा मातीला आले नाहीत. हार पाठवला. तो तिनं उकिरड्यावर टाकला.

पुढं आदिनाथ भारा नेऊ लागला. तो दादांच्या दारी सगळ्यात शेवटी जाई, पेंढी फाटकाला टेकवून मुकाट परत फिरे. बायनाबाई काही बोलत नसे. बरणी झाकलेली होती.

मधल्या काळात दादांनी केजला संग्रहालय काढलं. जिनिंगचं एक जुनं गोदाम होतं, ते रंगवून घेतलं आणि आपल्याच अध्यक्षतेखाली एक मंडळ स्थापन केलं. हेतू काय होता ते देव जाणे, पण संग्रहालय मात्र खरंच चांगलं झालं, आणि त्याचं श्रेय तेजश्री नावाच्या मुलीचं. माजलगावकडची, संभाजीनगरला शिकलेली. संग्रहालयाची देखरेख तिच्याकडं होती. ती जीपनं, एसटीनं गावोगाव हिंडायची. मोटा, पाभरी, जाती गोळा करायची, शाळेतल्या पोरांना बोलवायची, शिक्षकांच्या कार्यशाळा घ्यायची आणि मूर्ती तारेच्या ब्रशनं घासू नका म्हणून पुजाऱ्यांच्या विनवण्या करायची. रस्ता रुंद होणार आणि ओढ्याकाठचा दगड खडीत जाणार असं कळल्यावर ती बायनाबाईच्या ओट्यावर येऊन बसली.

बायनाबाईनं तिला भाकरी वाढली आणि दगड द्यायला चक्क नकार दिला. तेजश्री पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, काकू, दगडाखाली पाटी लागेल, त्यावर अर्जुनकाकांचं नाव राहील. जो येईल तो वाचेल. बायनाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. ज्याला फाटकाशी मुकं जनावर म्हणाले, त्याचं नाव केजच्या भिंतीवर लागणार. ती हो म्हणाली.

दगड क्रेननं गेला. तेजश्रीनं आठवडे घालवून शेंदूर उतरवला. खाली तीन ओळींत चित्रं निघाली; तो वीरगळ होता. सर्वांत खाली लढाई आणि मागं गाईंची रांग, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला वीर. ते पाहायला गेलेली बायनाबाई त्या छोट्याशा हात जोडलेल्या आकृतीपुढं रडली. तिला ते अर्जुनरावच वाटले.

मे महिन्यात संग्रहालय दिनाचा मोठा कार्यक्रम ठरला. संभाजीनगरहून पुरातत्त्वाचे जाणकार, बीडचे पत्रकार, तालुक्यातले सरपंच, भजनी मंडळं. चिंचखोरी तर टेम्पो करून आली. पडदा बाजूला झाला आणि पाटी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं, की हा वीर म्हणजे विजयसिंहदादांच्या घराण्याचा मूळ पुरुष. अर्जुनरावांचा उल्लेख कुठंच नव्हता.

तेजश्रीनं लिहिलेली पाटी ही नव्हती. अध्यक्षांनी परस्पर दुसरी करून आणली होती. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि दादांना पूर्वज हवा होता, तो त्यांनी घेतला. दादांनी माईकवरून गळा भरून भाषण केलं, आमच्या रक्तातच बलिदान आहे, गावासाठी आमचं घराणं मेलं, वगैरे. आदिनाथ खुर्चीवरून उठायला लागला, तेव्हा बायनाबाईनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. बोटं रुतली इतकं घट्ट धरलं.

एवढी वर्षं बांधावर दगड सांभाळल्याबद्दल तिला शाल आणि नारळ द्यायला स्टेजवर बोलावलं. तिनं दोन्ही घेतलं. मग म्हणाली, मला दोन शब्द बोलायचेत. म्हातारी आभार मानणार म्हणून दादांनीच हौसेनं माईक पुढं केला. माणसाची एवढी मोठी चूक क्वचितच इतक्या हसऱ्या तोंडानं होते.

"दादा म्हणत्यात वीर त्यांचा," बायनाबाई म्हणाली. "येवढ्या मोठ्या माणसाला मी कशाला न्हाई म्हणू? वीर त्यांचाच. मग आमी आजवर दुसऱ्याचा भारा वाहिला म्हणायचा. माझे मालक तर तो वाहूनच गेले. आता खरं घर घावलं. येत्या पोळ्याला भारा दादांच्या डोक्यावर जाईल. कडबा मी देते. पाव्हण्यांनी बघायला यावं."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग चिंचखोरीच्या बायकांना कळलं आणि त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या, की गोदामाचे पत्रे दणाणले. संभाजीनगरचे जाणकार तर हरखूनच गेले. दगड आणि त्याची जिवंत रीत, दोन्ही एकत्र कुठं बघायला मिळतं? कॅमेरा घेऊन येतो म्हणाले. सगळ्यांच्या नजरा दादांवर. त्यांनी हात जोडले, दात दाखवले आणि आमचं भाग्यच म्हणाले.

घरी आल्यावर आदिनाथ आईवर कडाडला. नानांचं, म्हणजे बापाचं, नाव गेलं ते गेलं, आणि तू आपला पूर्वज पण स्वतःच्या तोंडानं देऊन आलीस. भारा जड होता, पण तो आपला होता, हे त्याचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. बायनाबाईनं एकच सांगितलं, की त्याला त्या उन्हात उभा केल्याशिवाय मला मरायचं नाही. आदिनाथनं तिच्याशी बोलणं टाकलं. त्याचं तिला लागलं, पण तिनं माघार घेतली नाही.

दादांनी सुटायची धडपड केली. त्यांचा माणूस, जीवन, गावात येऊन विचारून गेला, गड्यानं भारा नेला तर चालेल का? गाव म्हणालं, कर्ता पाहिजे. मग मानाची तीनच घरं घेऊ म्हणाला. गाव म्हणालं, सगळी. लंपीच्या साथीत निम्मे गोठे ओस पडल्यापासून वीराच्या बाबतीत चालढकल करायची कुणाची छाती नव्हती. तेजश्रीनंही आपल्या परीनं उट्टं काढलं. संग्रहालयाची वारसा फेरी म्हणून तिनं पत्रिका छापल्या आणि त्यांत सगळी रीत नीट दिली. अनवाणी, कर्ता पुरुष, उलट उत्तर नाही. पत्रिकेवर अध्यक्षांचा फोटो होता, त्यामुळं अध्यक्षांना ती अडवताही येईना.

पोळा उजाडला. आदल्या दिवशी झिमझिम होऊन गेली होती, त्या दिवशी मात्र लख्ख ऊन पडलं. बायनाबाईनं भारा स्वतः बांधला होता आणि हात अजिबात आखडता घेतला नव्हता. दादा पांढऱ्या कपड्यांत, फेट्यात आले. फेटा काढून चुंबळ ठेवावी लागली. भारा चढवताच मान आत गेली. मागं कॅमेरे, पाहुणे, तेजश्री, आणि अख्खं गाव.

पहिली दोन घरं भीतीनं गोडच बोलली. तिसरं दार भिवराबाईचं. ऊसतोडीला जाणारी, एकटी बाई. ती उंबऱ्यात आली.

"दुष्काळात तुमच्या छावणीत माझी म्हैस घेतली न्हाई," ती म्हणाली. "कावून? तुमच्या सभेला मी आले न्हाई म्हणून. म्हैस दावणीला वाळून मेली. ती माझ्याकडं बघत मेली, दादा."

तिनं पेंढी ओढली. मग मात्र गावाला कंठ फुटला. धर्मराज नावाच्या शेतकऱ्यानं सांगितलं, की तुम्ही पाणंद नांगरून टाकली, लंपीत डॉक्टरची गाडी माझ्या गोठ्यापर्यंत पोचली नाही, दोन गाई गेल्या. कुणी विहिरीवरून हाकललेल्या जनावरांचं सांगितलं, कुणी कोंडवाड्यात घातलेल्या वासराचं. एका दारी दादांचं तोंड उघडलंच. तेव्हा म्हातारे मोहनराव, जे आयुष्यात कधी दादांपुढं बसले नव्हते, मागून शांतपणे म्हणाले, "दादा, वीराच्या घरचा बोलत न्हाई." आणि कॅमेऱ्यासमोर दादांना तोंड मिटावं लागलं. घाम कानामागून गळ्यात उतरत होता. पायांना चिखल. पाणी मात्र घरोघर विचारत होते. तेवढी माणुसकी चिंचखोरीनं सोडली नाही.

बायनाबाईचं दार आलं. सगळ्यांना वाटलं, आता ही याला तास न्‌ तास ताटकळत ठेवणार. तिनं तसं केलं नाही. ती लगेच बाहेर आली, जवळ गेली, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"हितं गोठा रिकामा हाय. बैल होते, ते दवाखान्यात गेले. माणूस होता, त्याला तुमी तापात उन्हात उभा केला, त्याचे फोटो काढले, आन्‌ चहा प्यायला आत गेलात. तो तुमाला कधी एक शब्द उलट बोलला न्हाई. तुमी त्याला मारलं. हे माझ्या गोठ्याचं दुखणं."

बायनाबाईनं पेंढी अशी हिसडली, की भारा डुलला आणि दादा झोकांडले. जीवन धरायला धावला. तेव्हा तिला आनंद झाला. लपवायचं काही कारण नाही, चांगला पोटभर आनंद झाला. तिनंही पाणी विचारलं. दादांनी मान हलवून नको म्हटलं.

त्या फेरीचं चित्रीकरण संग्रहालयाच्या पडद्यावर लागलं आणि तिथून जिल्हाभर मोबाइलवर फिरलं. सहलीला आलेली पोरं वीरगळापुढं उभी राहून मास्तरांना विचारू लागली, ते भाऱ्यावाले दादा हेच का?

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत दादांची गाडी बायनाबाईच्या दारात थांबली. दादा एकटेच उतरले. हातात कापडात गुंडाळलेली पितळी पाटी होती. नुसती पाटी बदलली असती तर ते खोटे ठरले असते. म्हणून नवीन माहिती हाती आली असं जाहीर करायचं आणि बायनाबाईनं कार्यक्रमात येऊन हा मान स्वीकारायचा, असा त्यांनी तोडगा काढला होता. वीर तुमचा, भाराही तुमचा, दादा म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली होता.

पाटीवर अर्जुनरावांचं पूर्ण नाव होतं. ठसठशीत अक्षरात. बायनाबाईनं एकेक अक्षर जुळवत ते वाचलं आणि त्यावरून हात फिरवला. आदिनाथ आत उभा होता, तो पुढं आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो आईशी बोलला.

"आई, घे. नानाचं नाव लागतंय. याच्यासाठीच तर दगड दिलता आपण."

तिचे डोळे भरून आले. नवऱ्याचं नाव हवं होतं, जन्मभर दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं. ते पदरात घेतलं, की विजयसिंह मोकळा. पुन्हा बंगला, पुन्हा फाटक, आणि फाटकाशी भाऱ्याखाली तिचा आदिनाथ.

तिनं पाटी पदरानं पुसली, कापडात गुंडाळली आणि दादांच्या हातात परत दिली.

"वीर तुमचाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या मालकाचं नाव मला पाठ हाय. तुमी दर पोळ्याला यायचं. तुमच्या माघारी तुमच्या पोरानं यायचं."

दादा पाटी घेऊन गाडीत बसले. आदिनाथ ओट्यावर डोकं धरून बसला. गाडी वळेपर्यंत बायनाबाई त्याच्याकडं बघत होती, पण तिनं पाटी मागं मागितली नाही. मग ती परसात गेली आणि कडब्याची गंज किती उरलीय ते बघू लागली. पुढच्या पोळ्याला याहून जड भारा बांधायचा होता.